भत्त्याची गोडी आणि वेतनाची झीज

२०२४ सालच्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत ट्रक आणि टँकर चालकांनी चाके थांबविली आणि राज्यातील शहरोशहरी पेट्रोल पंपांसमोर वाहनांच्या रांगा लागल्या. आपल्या घरातील भाजीपाला, गॅसची टाकी आणि मोटारीतील इंधन ही सारी कोणाच्या तरी रात्रीच्या जागरणावर उभी आहेत, याची जाणीव त्या वेळी आम्हां शहरवासीयांना क्षणभर झाली. तो संप भारतीय न्याय संहितेतील अपघातविषयक कलमाविरुद्ध होता. संप मिटला, रांगा ओसरल्या आणि ती जाणीवही ओसरली. शिक्षा किती असावी यावर त्या दोन दिवसांत पुष्कळ बोलले गेले. परंतु या माणसाच्या हातात महिन्याअखेर काय पडते, त्यातील वेतन किती आणि भत्ता किती, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

वेतन आणि भत्ता यांतील भेद हा वरवर पाहता हिशेबनिसाच्या वहीतला भेद आहे. पैसा तो पैसाच. त्याला कोणत्या रकान्यात लिहिले याने काय बिघडते, असे कोणीही सहज म्हणेल. वस्तुतः फार बिघडते. ते कसे, हे स्पष्ट पाहावयाचे असेल तर काही काळ आपल्या महामार्गावरून नजर काढून अमेरिकेकडे वळविली पाहिजे. तेथील चालक आपल्या चालकापेक्षा सुखी आहे की दुःखी, हा येथे प्रश्न नाही. आपल्याकडे जे व्यवहार तोंडी आणि रोखीत होतात, ते तेथे कायद्याने, दराने आणि नोंदीने बांधलेले आहेत. म्हणून तेथे हा भेद आकड्यांत मोजता येतो, इतकेच.

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाला बहुधा मैलामागे इतके सेंट या हिशेबाने मोबदला मिळतो. आठवड्याचे अनेक दिवस तो घराबाहेर असतो. गाडीतच झोपतो, रस्त्यावरच जेवतो. या खर्चापोटी द्यावयाच्या रकमेला तेथे ‘पर डिएम’ म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ साधा : दिवसागणिक. आपण त्याला दैनिक भत्ता म्हणू. वाहतूक व्यवसायातील माणसांसाठी जेवणाखाणाच्या भत्त्याचा खास दर तेथील महसूल खात्याने ठरवून दिला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तो देशांतर्गत प्रवासासाठी दिवसाला ८० डॉलर आहे. त्यापूर्वी तो ६९ डॉलर होता. निघण्याच्या आणि परतण्याच्या दिवशी या दराचा तीनचतुर्थांश धरण्याची वहिवाट आहे. अट इतकीच की, कामानिमित्त चालकाला विश्रांतीसाठी बाहेर थांबणे भाग पडले असले पाहिजे. संध्याकाळी घरी परतणाऱ्याला ही सवलत नाही. प्रत्येक जेवणाची पावती जपण्याची गरज नसते. तो कोणत्या दिवशी कोठे आणि कशासाठी होता याची नोंद पुरते, आणि ती नोंद आता बहुतेक गाड्यांत बसविलेले यंत्रच ठेवते.

या मर्यादेत आणि नियमांप्रमाणे दिलेला भत्ता कायद्याच्या दृष्टीने उत्पन्न नव्हे. ती खर्चाची भरपाई होय. म्हणून त्यावर प्राप्तिकर नाही आणि वेतनावरील सामाजिक कर, म्हणजे सोशल सिक्युरिटीचा ६.२ टक्के आणि मेडिकेअरचा १.४५ टक्के, हेही नाहीत. हे दोन्ही मिळून होणारे ७.६५ टक्के चालक भरतो आणि तितकेच मालकही भरतो. भत्त्यावर दोघांचेही वाचतात, हे ध्यानात ठेवावे. कारण पुढील साऱ्या गोष्टीची गुरुकिल्ली त्यातच आहे.

२०१७ पर्यंत पगारी चालकाला आणखी एक वाट मोकळी होती. मालकाने भत्ता दिला नाही, तर तो आपला जेवणखर्च स्वतःच्या वार्षिक विवरणपत्रात दाखवून, काही मर्यादा सोसून, त्याची वजावट मागू शकत असे. २०१७ च्या करकायद्याने ही वाट २०१८ पासून बंद केली, आणि २०२५ च्या जुलैत संमत झालेल्या कायद्याने तो बंद दरवाजा कायमचा केला. स्वतःच्या गाडीचा जो मालक-चालक आहे, त्याला मात्र ठरीव दराच्या ८० टक्के वजावट आजही मिळते. म्हणजे एकाच ढाब्यावर, एकाच बाकावर बसून सारखेच जेवण घेणाऱ्या दोघांपैकी एकाच्या जेवणाला कायदा धंद्याचा खर्च मानतो आणि दुसऱ्याच्या जेवणाला खाजगी चैन! पगारी चालकाला करात सवलत हवी असेल तर ती आता मालकाच्या हातूनच मिळू शकते. जेथे अन्य वाट उरत नाही, तेथे मालक पुढे करील तो कागद मुकाट्याने सही करण्याचीच पाळी येते.

या कागदाचा हिशेब मांडून पाहू. एक अविवाहित चालक वर्षाला एक लाख मैल गाडी चालवितो आणि मैलाला ६० सेंट मिळवितो असे धरू. म्हणजे वर्षाची मिळकत ६०,००० डॉलर. आता कंपनी त्याला म्हणते, ‘या साठांपैकी ४५ सेंट वेतन म्हणून घे आणि १५ सेंट भत्ता म्हणून घे.’ भत्ता झाला १५,००० डॉलर. वर्षात अडीचशे दिवस तो बाहेर असेल तर ८० डॉलरच्या दराने मर्यादा २०,००० डॉलरपर्यंत जाते. तेव्हा हा भत्ता नियमात बसतो. २०२५ च्या दरांनी पाहता त्याच्या मिळकतीचा हा भाग १२ टक्क्यांच्या टप्प्यात येतो. प्राप्तिकराचे १,८०० आणि सामाजिक करांचे सुमारे १,१४७, असे एकूण सुमारे २,९४७ डॉलर त्याच्या हाती अधिक राहतात. महिन्याला जवळजवळ २४५ डॉलर! जेवणखर्च दोन्ही बाजूंस तोच. घरभाडे, मुलांच्या गरजा आणि बायकोचे औषधपाणी यांच्या ओढाताणीत असलेल्या माणसाला ही रक्कम क्षुल्लक वाटणार नाही, आणि आम्हीही तिला क्षुल्लक म्हणणार नाही.

परंतु हिशेबाची वही येथेच मिटता येत नाही. जे साठ हजार होते ते सरकारी दप्तरात आता पंचेचाळीस हजार झाले. तेथील निवृत्तिवेतन ठरते ते आयुष्यातील अधिकांत अधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या मासिक सरासरीवरून. त्या सरासरीच्या पहिल्या भागावर ९० टक्के, मधल्या भागावर ३२ टक्के आणि वरच्या भागावर १५ टक्के या प्रमाणात. आपला चालक मधल्या भागात येतो. एका वर्षाची नोंद १५,००० डॉलरनी घटली की ३५ वर्षांच्या मासिक सरासरीत सुमारे ३६ डॉलर घटतात आणि निवृत्तिवेतनातून महिन्याला सुमारे साडेअकरा डॉलर जातात. वीस वर्षे हाच क्रम चालला तर महिन्याला सुमारे २२९ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे २,७४० डॉलर, आणि तेही मरेपर्यंत. शिवाय अपंगत्व आले तर मिळणारे वेतन याच नोंदीवरून ठरते. घरासाठी कर्ज मागावयास गेला तर सावकारी पेढी प्रथम पाहते ते वार्षिक वेतनपत्रकच.

येथे आम्हांस न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या हिशेबातील चालकाने वीस वर्षांत वाचविलेली एकूण रक्कम सुमारे ५९,००० डॉलर होते. ती त्याने खरोखरच बाजूला ठेवली, तर निवृत्तिवेतनातील तूट तिच्यातून एकवीस वर्षे भरून काढता येईल. सदुसष्टाव्या वर्षी निवृत्त होणारा माणूस तोवर अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होतो. म्हणजे भत्ता हा सर्वस्वी सापळा आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मैलाचा एकूण दर जसाच्या तसा राहिला आणि वाचलेला पैसा खरोखर वाचला, तर चालकाचा तोटा नाही. मात्र या वाक्यातील दोन्ही ‘तर’ वाचकांनी नीट पाहावेत. दर महिन्याला हातात येणारे पैसे वीस वर्षे न शिवता ठेवणे किती संसारांना जमते, हे प्रत्येक गृहस्थाने आपल्या मनाशीच विचारावे.

दुसरा ‘तर’ अधिक घातक आहे. भत्त्याची योजना स्वीकारणाऱ्याला काही कंपन्या मैलामागे एकूण दरच थोडा कमी देतात. कारण सांगितले जाते ते हिशेब ठेवण्याच्या खर्चाचे, आणि जेवणभत्त्याचा पाचवा हिस्सा कंपनीला खर्च म्हणून वजा करता येत नाही, याचे. हे दुसरे कारण खोटे नाही. आमच्या उदाहरणात त्यामुळे कंपनीचा कर २१ टक्के दराने ६३० डॉलरनी वाढतो. पण तिच्या वाट्याचे सामाजिक करांचे १,१४७ डॉलर वाचलेले असतात. तेव्हा चालकाचा एक सेंटही न कापता योजना चालविली तरी कंपनी बुडत नाही. आता समजा, तिने मैलाला दोनच सेंट कापले : वेतन ४३ सेंट, भत्ता १५ सेंट. चालकाचे कर सुमारे ३,३४० डॉलरनी कमी होतात, पण मिळकत २,००० डॉलरनी घटते; निव्वळ हाती राहतात १,३४०. कंपनीकडे मात्र कापलेले २,००० आणि सामाजिक करांचे १,३०० मिळून ३,३०० डॉलर राहतात. त्यातून वाढलेले ६३० वजा घातले तरी २,६७० उरतात. चालकाच्या जेवणासाठी म्हणून सरकारने सोडलेल्या करातील थोरला घास मालकाच्या ताटात पडला! आणि निवृत्तिवेतनाची तूट तर पूर्वीपेक्षाही वाढली. वीस वर्षांची सारी बचत गाठीला ठेवली तरी ती तूट भरून काढण्यास नऊ वर्षेही पुरणार नाही. दोन सेंट म्हणजे रस्त्यावर पडले तर कोणी वाकून उचलणार नाही इतकी रक्कम. पण माणसाचे म्हातारपण तिच्यावर तुलले जाते.

या व्यवहारातील विसंगती न्यायालयाच्या दारी गेली तेव्हा अधिकच उघड झाली. एका मोठ्या वाहतूक कंपनीच्या चालकांनी असा दावा लावला की, मैलांवर मोजलेला भत्ता ही खर्चाची भरपाई असेल तर किमान वेतन दिले की नाही हे ठरविताना तो वेतनात धरता कामा नये. आणि तो वगळला तर आम्हांला किमान वेतनही मिळालेले नाही. तर्क सरळ होता. परंतु २०१८ मध्ये आठव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला तो कंपनीच्या बाजूने. भत्ता चालविलेल्या मैलांच्या प्रमाणात, म्हणजे केलेल्या कामाच्या प्रमाणात मिळतो. सबब किमान वेतनाच्या कायद्यापुरता तो मोबदलाच होय, असे न्यायालयाने ठरविले. करखात्याच्या मेजावर जो पैसा वेतन नव्हे, तोच किमान वेतनाच्या मेजावर वेतन! दोन कायद्यांची प्रयोजने भिन्न आहेत आणि त्यामुळे त्यांच्या व्याख्या भिन्न असू शकतात, हे आम्ही जाणतो. तथापि दोन्ही मेजांवर निकाल मालकाला सोयीचा आणि पेन्शनीच्या तिसऱ्या मेजावर तूट तेवढी चालकाची, या योगायोगाला न्याय म्हणणे आम्हांस जड जाते.

तेथील महसूल खाते याविषयी अगदीच बेसावध आहे असे नाही. ठरीव मर्यादेवर गेलेल्या भत्त्याचा हिशेबच न ठेवणाऱ्या मालकाला सारा भत्ता वेतन मानला जाईल, असे त्याने २००६ मध्ये बजावले. आणि वेतन कापून त्याच रकमेला केवळ भरपाईचे नाव देता येणार नाही, असे २०१२ मध्ये स्पष्ट केले. परंतु मैलांवर मोजलेल्या भत्त्याला मालवाहतुकीच्या धंद्यातील जुन्या वहिवाटीमुळे नियमांतच एक वाट राखलेली आहे. तत्त्व बांधावर उभे राहते आणि व्यवहार त्या वाटेने निघून जातो.

आता आपण आपल्या महामार्गावर परत येऊ. आपल्या ट्रकचालकाच्या बोलीत ‘भत्ता’ हा शब्द ‘पगार’ या शब्दाइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक वेळा येतो. फेरीमागे वा दिवसामागे मिळणाऱ्या या रोख रकमेतूनच तो जेवतो, त्यातूनच क्लीनरला जेवू घालतो आणि उरेल ते घरी पाठवितो. प्राप्तिकर हा त्याचा प्रश्न नव्हे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालील नियमांत वाहतूक कर्मचाऱ्यांच्या अशा भत्त्याचा ७० टक्के भाग, महिन्याला १०,००० रुपयांच्या कमाल मर्यादेपर्यंत, करमुक्त ठेवलेला होता खरा. परंतु ज्याचे उत्पन्न मुळात कराच्या रेषेपर्यंत पोचत नाही, त्याला करमाफीचे काय कौतुक? म्हणजे अमेरिकन चालकाला भत्त्यातून निदान करबचतीचा जो लाभ होतो, तोही आपल्या चालकाच्या वाट्याला नाही. वेतनाची झीज मात्र त्याच्याही वाट्याला आहेच.

ती कोठे दिसते? भविष्यनिर्वाह निधीत दिसते. कारण वर्गणी वेतनावर कापली जाते, प्रवासखर्चाच्या भत्त्यावर नव्हे. पण सर्वांत निष्ठुरपणे दिसते ती अपघातानंतर. कामावर असताना मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे १९२३ पासून होता. त्याच्या वेतनाच्या व्याख्येतून प्रवासभत्ता आणि कामाच्या स्वरूपामुळे येणाऱ्या विशेष खर्चापोटी दिलेली रक्कम वगळलेली होती. मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे, हे तिचे सूत्र. वेतनाची कमाल मर्यादा २०२० पासून १५,००० रुपये धरली गेली. चाळीस वर्षांच्या माणसासाठी गुणक १८४.१७. ज्याला महिन्याला ९,००० रुपये वेतन आणि ६,००० रुपये भत्ता मिळत होता, त्याच्या विधवेला भत्ता वगळल्यास सुमारे ८ लाख २९ हजार रुपये मिळतात. तेच १५,००० रुपये वेतन म्हणून लिहिलेले असते तर सुमारे १३ लाख ८१ हजार मिळाले असते. फरक साडेपाच लाखांचा! नवरा जिवंत असताना घरात येणारे पैसे तेच होते. रकाना तेवढा निराळा होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी या रोगावर एक औषध योजले आहे. वेतनातून वगळावयाच्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरचा भाग वेतन मानावा, अशी ती तरतूद. आम्ही तिचे स्वागत करतो; केवळ नावाच्या जोरावर वेतन पोकळ करण्याला अशी सीमा घालणे योग्यच आहे. परंतु वरच्या उदाहरणातील भत्ता पंधरांपैकी सहा हजार, म्हणजे चाळीस टक्के आहे. तो निम्म्याच्या आत असल्याने त्या विधवेला या औषधाचा गुण येत नाही. शिवाय औषध चालावयाचे ते मोबदल्याची नोंद असेल तेथे. ज्याची नेमणूक तोंडी, पगार रोखीने आणि भत्ता गाडी सुटताना मालकाच्या खिशातून, त्याच्या बाबतीत निम्मे कशाचे काढावयाचे?

आमचे म्हणणे भत्त्याविरुद्ध नाही. घरापासून शेकडो मैलांवर पोट भरण्यास जो खर्च येतो तो धंद्याचा खर्च आहे आणि तो धंद्यानेच सोसला पाहिजे. त्यावर कर लावणे अन्यायाचे होईल. परंतु भत्ता वेतनावर चढविलेला असावा, वेतनातून कोरून काढलेला नसावा. पहिला खर्चाची भरपाई करतो; दुसरा माणसाला त्याचेच उद्याचे पैसे आज उसने देतो आणि त्याला बक्षीस म्हणतो. ही साधी कसोटी लावून तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. चालकाला दर महिन्याला वेतन आणि भत्ता वेगवेगळे दाखविणारा कागद त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळावा. भत्ता सुरू करताना वा वाढविताना मूळ वेतन कमी करण्यास स्पष्ट बंदी असावी. आणि अपघाताची भरपाई ठरविताना, ज्या भत्त्यातून चालक नियमितपणे घर चालवीत होता, त्याचा तो भाग वेतनात धरला जावा. कारण त्याच्या मागे राहिलेल्यांची भूक रकाने पाहत नाही.

वाहतूकदारही अडचणीत आहेत, डिझेल आणि टोल यांनी त्यांचे कंबरडे मोडले आहे, असे यावर सांगितले जाईल. एक-दोन गाड्यांचा मालक हा अनेकदा कालचा चालकच असतो, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु भाड्याचा दर परवडत नसेल तर तो वाढवून मागावा, आणि आपल्या दारात माल स्वस्त पोचावा अशी इच्छा करणाऱ्या आम्हां ग्राहकांनी तो देण्याची तयारी ठेवावी. ही उणीव चालकाच्या म्हातारपणातून किंवा त्याच्या विधवेच्या भरपाईतून गुपचूप भरून काढण्याचा अधिकार मालकालाही नाही आणि ग्राहकालाही नाही. २०२४ च्या त्या दोन दिवसांत चाके थांबली म्हणून आपल्याला चालकाची आठवण झाली. चाके चालू असतानाही ती राहावी, इतके त्याचे आपल्यावर देणे निश्चित आहे.